एक मिलिग्रॅम धूळ आणि उडवलेले लॉग

परवा शुक्रवारी संध्याकाळी, अगदी घरी निघायच्या तोंडावर, सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा अलार्म वाजला. आमच्या टीममधली नवीन मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, तीन वर्षांपूर्वीचे रॉ लॉग पडून आहेत. त्यांच्यावरून काढलेले रिपोर्ट आहेतच आपल्याकडे. उडवून टाकू का?"

प्रश्न रास्त होता. जागेला पैसे पडतात. ते लॉग गेल्या दोन वर्षांत कोणी उघडलेसुद्धा नव्हते. तरी मी म्हटलं, "सोमवारपर्यंत थांब. सोमवारी सांगतो." ती 'बरं' म्हणून गेली, पण 'यात एवढा विचार कसला करायचाय?' हे चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

आहे, विचार करण्यासारखं आहे. एक तर माझ्या नोकरीतली जुनी जखम आहे, ती शेवटी सांगतो. आणि दुसरी गोष्ट आहे एका धूमकेतूच्या धुळीची. एकूण वजन एक मिलिग्रॅमच्याही आत. ती आणायला सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाले, आणि ते पैसे पुरेपूर वसूल झाले असं माझं ठाम मत आहे. लेख लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

धूमकेतूंशी माझी ओळख १९९७ सालची. त्या वर्षी मार्च-एप्रिलात हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसायचा, दुर्बीण-बिर्बीण काही लागायची नाही. आम्ही सांगलीच्या घराच्या गच्चीवर जाऊन बघायचो. आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची, आणि फार वेळ बघू नका म्हणायची, कारण शेंडेनक्षत्र दिसलं की राजावर संकट येतं. बाबा हसून म्हणाले, "आता राजे राहिलेत कुठे, आई?" मी विचारलं, शेपटी कशाची असते? बाबा म्हणाले, वाफेची आणि धुळीची. मी विचारलं, कसली धूळ? त्यावर बाबा गप्प बसले.

बिचाऱ्या बाबांचा काही दोष नव्हता. १९९७ साली याचं नेमकं उत्तर जगात कोणाकडेच नव्हतं. १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलेल्या यानांनी जागेवरच जमेल तेवढं मोजमाप केलं होतं. पण 'ही अमुक धूमकेतूची धूळ' असं खात्रीने सांगता येईल अशी चिमूटभर धूळसुद्धा पृथ्वीवर कुठल्या प्रयोगशाळेत नव्हती.

ती आणायला नासाचं स्टारडस्ट यान ७ फेब्रुवारी १९९९ रोजी निघालं. डोनाल्ड ब्राऊनली हे वॉशिंग्टन विद्यापीठातले शास्त्रज्ञ मोहिमेचे प्रमुख. धूमकेतू निवडला तो विल्ट-२. पॉल विल्ट या स्विस खगोलशास्त्रज्ञाने तो १९७८ साली शोधला. (इंग्रजी स्पेलिंग बघून बरेच जण 'वाइल्ड' म्हणतात. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होतो.) हा निवडण्यामागे कारण होतं. १९७४ साली तो गुरूच्या फार जवळून गेला आणि गुरूने त्याची वाटच बदलून टाकली. आधी सूर्याभोवतीची एक फेरी ४३ वर्षांची होती, ती साधारण सहा वर्षांवर आली. म्हणजे कित्येक काळ थंडीत पडून असलेला हा गडी सूर्याच्या उन्हात नुकताच येऊ लागला होता. फ्रीजमधून आत्ताच बाहेर काढलेला डबा. आतलं अजून फारसं विटलेलं नसणार.

२ जानेवारी २००४ ला यान धूमकेतूपासून सुमारे २४० किलोमीटरवरून गेलं. धूळ येऊन आदळत होती सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगाने, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या सहापट. एवढ्या वेगाने येणारा कण कशानेही अडवला तर त्याची वाफच होणार. म्हणून त्यांनी एरोजेल वापरलं. हे काचेच्याच पदार्थाचं, म्हणजे सिलिकाचं, पण ९९.८ टक्के पोकळ. दिसायला गोठवलेल्या धुरासारखं. टेनिसच्या रॅकेटएवढ्या जाळीत याच्या वड्या बसवल्या होत्या. कण त्यात घुसले, हळूहळू मंदावले आणि मागे गाजराच्या आकाराचे बोगदे ठेवून टोकाशी थांबले. वड्यांच्या मधल्या पट्ट्यांवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल होती, तिच्यावरही बारीक खड्डे पडले. या फॉइलला विसरू नका, ती पुढे दोनदा येणार आहे.

१५ जानेवारी २००६ ला पहाटे यूटाच्या वाळवंटात कुपी पॅराशूटने अलगद उतरली. अलगद हा शब्द मुद्दाम वापरला. कारण त्याच वाळवंटात ८ सप्टेंबर २००४ ला जेनेसिस नावाच्या यानाची कुपी, सौरवाऱ्याचे नमुने घेऊन आलेली, ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने जमिनीत घुसली होती. पॅराशूट उघडायचा इशारा देणारा छोटासा सेन्सर डिझाइनमध्येच उलटा बसवला गेला होता. उलटा! (आपल्यापैकी ज्यांनी कधी एखाद्या 'इफ'मध्ये चुकीचं चिन्ह टाकून प्रॉडक्शन झोपवलंय, त्यांनी हसू नये.) जेनेसिसकडेही आपण परत येऊ.

आता धूळ घरी आली. तिचं करायचं काय? ती कुठली आहे हे शोधायचं. इथे आयसोटोप येतात, मराठीत समस्थानिक. शाळेत हे प्रकरण एका मार्काच्या व्याख्येत संपतं आणि मुलांना वाटतं हे पाठ करण्यापुरतंच आहे. म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑक्सिजनचे तीन टिकाऊ प्रकार आहेत, १६, १७ आणि १८. रसायनाच्या दृष्टीने तिघे जवळजवळ सारखेच, फरक फक्त वजनाचा. आपल्या समुद्राच्या पाण्यात १६ चा वाटा ९९.७६ टक्के, १८ चा साधारण ०.२० आणि १७ चा जेमतेम ०.०४. एखादं खनिज घ्या, ऑलिव्हिन समजा. पृथ्वीवरचं ऑलिव्हिन, उल्कापाषाणातलं ऑलिव्हिन आणि धूमकेतूतलं ऑलिव्हिन, रासायनिक सूत्र तेच. सूत्रावरून काही कळत नाही. पण त्यातल्या तीन ऑक्सिजनांचं प्रमाण जागेजागी बदलतं, आणि ते सहजासहजी पुसलं जात नाही.

आपल्याकडे आडनावाला 'कर' लागतं ना, तसंच हे. माणूस तीन पिढ्या मुंबईत असेल, आता न्यू जर्सीत असेल, मराठीही धड बोलत नसेल, पण आडनाव निपाणीकर असेल तर मूळ गाव कळतं. कण कुठे सापडला हा त्याचा सध्याचा पत्ता. आयसोटोपचं प्रमाण म्हणजे त्याचं 'कर'.

यात अजून एक गंमत आहे, जी माझ्यातल्या प्रोग्रामरला फार आवडते. पाणी उकळलं, दगड वितळला, की हलके अणू जरा लवकर पळतात आणि प्रमाण थोडं हलतं. मग मूळ गाव कसं ओळखायचं? तर अशा साध्या प्रक्रियांत १८ चं प्रमाण हजारी दहाने सरकलं, तर १७ चं साधारण पाचाने सरकतं. निम्मं. कारण वजनातला फरकही निम्माच आहे. हा नियम पाळला गेला असेल तर समजायचं, माल त्याच गावचा, फक्त उकळून निघालाय. नियम मोडला असेल तर गावच वेगळं. म्हणजे निसर्गाने प्रत्येक कणात चेकसम ठेवलाय! १९७३ साली क्लेटन, ग्रॉसमन आणि मायेडा यांनी मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे उल्कापाषाणातले पांढरे ठिपके मोजले, तेव्हा हा चेकसम पहिल्यांदा ठळकपणे जुळेनासा झाला. त्या ठिपक्यांत ऑक्सिजन-१६ चांगला चार-पाच टक्क्यांनी जास्त होता. कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर असलेले हे ठिपके म्हणजे आपल्या सूर्यमालेत घट्ट झालेले सगळ्यात जुने पदार्थ, वय ४५६.७ कोटी वर्षं. ते सूर्याच्या अगदी जवळ, हजार अंश सेल्सियसच्याही वरच्या उष्णतेत तयार झाले असं मानतात.

आता धूमकेतूकडून अपेक्षा काय होती? धूमकेतू म्हणजे नेपच्यूनच्या पलीकडच्या गारठ्यातला बर्फ. त्यात मिळणार सूर्याच्याही आधीची धूळ, जुन्या मेलेल्या ताऱ्यांची राख. मोहिमेचं नावच ताऱ्यांच्या धुळीवरून ठेवलेलं. बारसं आधीच करून मोकळे झाले होते.

कण मोजले नॅनोसिम्स नावाच्या यंत्राने. सीझियमच्या आयनांचा अतिशय बारीक झोत, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, कणावर मारायचा. पृष्ठभागावरचे अणू उडतात, ते चुंबकातून वळवून वजनाप्रमाणे वेगळे करायचे आणि अक्षरशः एकेक मोजायचे. एक लक्षात घ्या. यान १९९९ ला निघालं, आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत हे यंत्र बसलं तेव्हा यान वाटेत होतं. म्हणजे या धुळीचं मोजमाप ज्या यंत्राने झालं, ते यानावर चढवायचं कोणी ठरवलं असतं तरी चढवता आलं नसतं. खोलीभर यंत्र यानात मावलं नसतं हा मुद्दा वेगळाच.

डिसेंबर २००६ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात पहिले निकाल आले. तारकाधूळ जवळपास नाहीच. बहुतेक कणांचं 'कर' आपल्याच सूर्यमालेतलं. एक कण तर असा निघाला की त्यात ऑक्सिजन-१६ सुमारे चार टक्क्यांनी जास्त. अयेंदेतल्या त्या पांढऱ्या ठिपक्यांचा सख्खा भाऊ. त्याचं नाव ठेवलं 'इन्ती', इंका लोकांचा सूर्यदेव. म्हणजे सूर्याच्या भट्टीशेजारी घडलेला कण सूर्यमालेच्या पार टोकाच्या बर्फात जाऊन बसला होता. कोणीतरी, काहीतरी, त्याला आतून बाहेर वाहून नेलं होतं.

पुढे २०१० साली 'कोकी' नावाच्या दुसऱ्या कणाने त्यात टाइमस्टॅम्पही घातला. अ‍ॅल्युमिनियम-२६ हा किरणोत्सारी प्रकार साधारण सात लाख वर्षांत निम्मा होतो आणि त्याचं मॅग्नेशियम-२६ बनतं. कण तयार होताना तो शिल्लक असेल तर नंतर कणात जादा मॅग्नेशियम-२६ सापडायला हवं. कोकीत ते सापडलं नाही. अ‍ॅल्युमिनियम-२६ सुरुवातीला सगळीकडे सारखं पसरलेलं होतं असं धरलं, तर कोकी पहिल्या घन पदार्थांनंतर किमान १७ लाख वर्षांनी घडला. म्हणजे आतून बाहेर मालवाहतूक निदान एवढा काळ चालू होती आणि धूमकेतू त्यानंतरच बांधला गेला. केसाहून बारीक कणातून हे कळलं. मला अजूनही हे वाचून गंमत वाटते.

पण मला आवडते ती पुढची गोष्ट. 'तारकाधूळ जवळपास नाही' हे २००६ चं उत्तर लोकांनी आहे तसं गिळलं नाही. शंका अशी होती की तारकाधुळीचे कण असतात अगदी बारीक, एका मायक्रॉनच्याही खाली. असा कण सहा किलोमीटरच्या वेगाने एरोजेलमध्ये घुसला तर वितळून जाणार. आणि एरोजेल म्हणजे सिलिका, त्यात स्वतःचाच ऑक्सिजन ठासून भरलेला. त्या रश्श्यात कणाचा ऑक्सिजन मिसळला की ओळख गेली. म्हणून काही लोक फॉइलवरच्या खड्ड्यांकडे वळले. शिवाय त्यांनी उलटा प्रयोग केला. ज्यात तारकाधूळ किती आहे हे आधीच माहीत आहे अशा उल्कापाषाणाची पूड प्रयोगशाळेत त्याच वेगाने फॉइलवर झाडली, आणि धडकेत किती कण नष्ट होतात ते मोजलं. २०१३ साली दुरुस्त अंदाज आला. विल्ट-२ मध्ये तारकाधूळ दहा लाखांत काही शे भाग असावी, बऱ्याचशा आदिम उल्कापाषाणांपेक्षाही जास्त. म्हणजे पहिलं उत्तर चुकलं होतं. ती धूळ होती, पण आपल्या जाळ्यानेच ती मारली होती.

आता मला सांगा, फक्त २००६ चा रिपोर्ट ठेवून फॉइल भंगारात टाकली असती तर? आज पाठ्यपुस्तकांत 'धूमकेतूत तारकाधूळ नसते' असं छापलेलं असतं, आणि ते खोडून काढायला कोणाच्या हातात काहीही नसतं.

दुसरी गोष्ट ग्लायसिनची. हे सगळ्यात साधं अमिनो आम्ल, प्रथिनांचा एक घटक. गोडार्ड केंद्रातल्या एल्सिला, ग्लेविन आणि ड्वर्किन यांना स्टारडस्टच्या नमुन्यांत ते दिसलं. पण सोबत दुसरंही एक आम्ल दिसलं, जे नायलॉन-६ मधून येतं. आणि नमुने हाताळताना नायलॉनच्या पिशव्या वापरल्या होत्या! म्हणजे धूमकेतूत जीवनाचा कच्चा माल सापडला म्हणून पेढे वाटायचे आणि नंतर कळायचं की तो पिशवीतून आला. ग्लायसिन पृथ्वीवर सगळीकडे आहे, आपल्या बोटांवरसुद्धा. रसायन तेच, मग फरक कसा करणार?

'कर' बघून. कार्बनचे १२ आणि १३ असे दोन टिकाऊ प्रकार. पृथ्वीवरच्या जीवांत आणि त्यांच्यापासून झालेल्या तेलात, नायलॉनमध्ये, कार्बन-१३ प्रमाण मापापेक्षा कमी असतो. स्टारडस्टमधलं ते नायलॉनचं आम्ल मोजलं तर हजारी २५ ने कमी. अगदी पृथ्वीचं. मग फॉइलवरचं ग्लायसिन मोजलं. मोजण्याइतकं गोळा करायलाच प्रचंड मेहनत. आकडा आला हजारी २९ ने जास्त. पृथ्वीचं नाही. २००९ साली त्यांनी हे जाहीर केलं. २०१६ साली रोझेटा यानाच्या मोजमापांतूनही ६७पी या दुसऱ्या धूमकेतूच्या वायूत ग्लायसिन असल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा या निकालाला पाठबळ मिळालं.

मला या प्रकरणात ग्लायसिनपेक्षा त्या लोकांची रीत जास्त आवडते. आपल्याच पिशवीवर संशय घेतला. घाईने बातमी दिली नाही. आणि संशय फेडण्याजोगा पुरावा हाताशी होता, कारण माल घरी होता.

हो, माल घरी आणण्याच्या विरुद्ध बोलणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, एवढ्या पैशात उपकरणंच तिकडे पाठवा. रोझेटाने २०१४ पासून दोन वर्षं धूमकेतूसोबत राहून जे केलं, ते स्टारडस्टला कधीच जमलं नसतं. बर्फ आणि वायू एरोजेलमध्ये टिकत नाहीत, स्टारडस्टने आणली ती फक्त दगडी धूळ. हे खरं आहे. पण रोझेटाचंच उदाहरण बघा. २०१४ साली त्यांनी सांगितलं की ६७पीच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्राच्या तिप्पट आहे. त्यावरून 'पृथ्वीवरचं पाणी अशा धूमकेतूंनी आणलं नाही' असे मथळे झाले. २०२४ साली दुसऱ्या गटाने रोझेटाची हजारो मोजमापं पुन्हा पहिल्यापासून तपासली आणि दाखवलं की धूमकेतूजवळच्या धुळीच्या कणांनी तो आकडा फुगवला होता. धुळीपासून दूर गेलं की प्रमाण पृथ्वीच्या बरंच जवळ येतं. हा वाद इथेच मिटला असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांनी नव्याने प्रश्न विचारता आला, तो मूळ मोजमापं जपून ठेवली होती म्हणून. तिथे धूळ नाही आणली तर रॉ डेटा ठेवला, गोष्ट एकच. फरक एवढाच की डेटात आपण जे मोजलं तेवढंच असतं. नमुन्यात आपण न मोजलेलंही असतं.

आणि जेनेसिस? त्याचे तुकडे वाळवंटातल्या चिखलातून चिमट्यांनी वेचले, वर्षानुवर्षं स्वच्छ केले. २०११ साली त्यातून सूर्याचा ऑक्सिजन मोजला गेला. जड प्रकार पृथ्वीच्या मानाने सुमारे सहा टक्क्यांनी कमी. म्हणजे सूर्य त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि इन्तीच्या गावचा निघाला, जगावेगळी आहे ती आपली पृथ्वी. ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि ती मिळाली आपटून चक्काचूर झालेल्या कुपीतून. जागेवरच मोजून आकडे पाठवणारं यान आपटलं असतं तर काय राहिलं असतं?

म्हणून माझं मत. नमुना आणणं महाग आहे, तरी आणावा. आणि आणल्यावर सगळा वापरून टाकू नये. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. अपोलो-१७ ने १९७२ साली आणलेली चंद्राच्या मातीची एक सीलबंद नळी थेट २०२२ साली उघडली. पन्नास वर्षं कपाटात! ज्यांनी ती ठेवली, त्यांना माहीत होतं की आपल्यापेक्षा चांगली यंत्रं असलेली माणसं पुढे येणार आहेत. २४ सप्टेंबर २०२३ ला ओसायरिस-रेक्सने बेन्नू लघुग्रहाचे १२१.६ ग्रॅम आणले, त्यातला सुमारे ७० टक्के भाग पुढच्यांसाठी राखून ठेवायचं ठरलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला मंजुरी दिली, चंद्रावरची माती घरी आणण्यासाठी. ती आली की पहिल्याच वर्षी 'एवढे कोटी खर्चून काय निष्कर्ष काढला?' असा प्रश्न चॅनेलवाले विचारणार हे मी आत्ताच लिहून देतो. तेव्हा कोणीतरी शांतपणे सांगायला हवं की बरीचशी माती अजून उघडलेलीच नाही, आणि हीच खरी हुशारी आहे.

आता ती जुनी जखम.

अकरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. एका ग्राहकाच्या सिस्टीममध्ये एका रात्रीत हजाराच्या वर ऑर्डर रद्द झाल्या. मोठा गहजब झाला. आमच्या रिपोर्टमध्ये दिसत होतं, 'सपोर्ट' या अकाउंटवरून रद्द. त्या रात्री ड्यूटीवर होता एक पोरगा, बार्शीकडचा, नोकरीला लागून सात-आठ महिने झालेला. तो कळवळून सांगत होता, "सर, मी हात नाही लावला हो." पण त्याच अकाउंटखाली एक जुनी स्क्रिप्टही चालायची. रद्द कोणी केलं, त्याने की स्क्रिप्टने, हे रॉ लॉगमध्ये सेशन आणि मशीनचा पत्ता बघून पाच मिनिटांत कळलं असतं.

लॉग नव्हते. रिपोर्ट तयार झाला की मागचे लॉग उडवायची व्यवस्था होती. जागा वाचावी म्हणून ती दोन महिन्यांपूर्वी मीच लिहिली होती. मीटिंगमध्ये शाबासकीही घेतली होती.

कोणी त्याला चोर म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या टीममध्ये हलवलं, बोलणं कमी झालं, आणि महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. मी काही बोललो नाही. माझ्याकडे पुरावा नव्हता, ना त्याच्या बाजूने ना विरुद्ध. नायलॉनची पिशवी की धूमकेतू, हे सांगायला लागतो तो आकडा मी स्वतः पुसला होता. आजही मला माहीत नाही.

रिपोर्टमध्ये आपल्याला तेव्हा सुचलेल्या प्रश्नांचीच उत्तरं असतात. 'हे कोणी केलं?' हा प्रश्न रिपोर्ट डिझाइन करताना मला सुचला नव्हता.

सोमवारी त्या मुलीला सांगणार आहे की लॉग झिप कर आणि स्वस्तातल्या साठ्यात टाक, खर्चाचं मी बघतो. 'सर म्हणाले म्हणून' करू नको, हेही सांगीन. त्या पोराची गोष्ट सांगीन. वेळ असला तर फॉइलचीही.

आणि हो, सगळंच कायम ठेवा असं मी म्हणत नाही. लोकांची खाजगी माहिती मुदत संपली की पुसलीच पाहिजे, तो कायदाही आहे आणि सभ्यताही. पण उडवण्याआधी एकदा स्वतःला विचारा, हे नसेल तर माझी चूक उद्या कोणाला सापडेल का? उत्तर 'नाही' असेल, तर तेवढं तरी ठेवा.

बघा पटतंय का. भेटू पुढच्या शनिवारी.